पाणी, बर्फ आणि रस्ता

हातात मावणारे एकच जीपीएस यंत्र घ्यायचे, हिवाळ्यात ते स्नोमोबाइलच्या हँडलवर लावायचे, उन्हाळ्यात बोटीत न्यायचे आणि एरवी गाडीत काचेजवळ बसवायचे, हा बेत काटकसरीचा वाटतो. पण या तीन ठिकाणी माणूस यंत्राला एकच प्रश्न विचारत नाही. गाडी चालवणाऱ्याला पुढचे वळण हवे असते. बोटीतल्या माणसाला खाली किती पाणी आहे आणि खडक कुठे दडला आहे, हे कळायला हवे. वारा सुटून बर्फाची धूळ उडू लागली आणि चारी दिशा सारख्याच पांढऱ्या झाल्या, की स्नोमोबाइलवाल्याला वळण नको असते आणि खोलीही नको असते. आलो त्याच वाटेने परत जायचे, एवढेच त्याला हवे असते. तिन्ही उत्तरे एका पडद्यावर देणारी यंत्रे बाजारात मिळतात. मात्र त्यांतले प्रत्येक यंत्र या तिघांपैकी कोणाचा तरी थोडा हिरमोड करतेच. कोणाचा हिरमोड चालेल, हे ठरवणे म्हणजेच यंत्र निवडणे.

अशी तिहेरी गरज खरोखर कुठे पडते, याचे उत्तम उदाहरण अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर आहे. लेक ऑफ द वुड्स हे सरोवर शंभर किलोमीटरहून लांब आणि जवळजवळ तेवढेच रुंद आहे. त्यात चौदा हजारांहून अधिक बेटे आहेत. दक्षिणेचा भाग उथळ आणि मोकळा. मध्यावर गेल्यावर किनारा दिसत नाही. उत्तरेकडे खडकाळ बेटांचा आणि अरुंद खाड्यांचा गुंता. वर्षातले चार-पाच महिने सगळे पाणी गोठलेले असते आणि त्यावरून स्नोमोबाइल, पुढे बर्फ जाड झाला की मोटारीही धावतात. जवळच्याच रोझो गावात १९५४ पासून स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिस कंपनीचे घर आहे. स्नोमोबाइल ही या मुलुखात हौसेची गोष्ट खरी, पण ती केवळ हौसेची नाही.

या सरोवराच्या काठी नॉर्थवेस्ट अँगल नावाचा मिनेसोटा राज्याचा एक तुकडा आहे. तो उरलेल्या राज्याला जमिनीने जोडलेलाच नाही. तिथे गाडीने जायचे तर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात शिरून पुन्हा अमेरिकेत यावे लागते. कॅनडाला वगळून जायचे तर उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात बर्फ. २०२१ च्या हिवाळ्यात, साथीमुळे सीमा बंद होती तेव्हा, तिथल्या लोकांनी पाहुण्यांसाठी सरोवराच्या बर्फावरून रस्ताच तयार केला. आणि हा तुकडा असा एकटा पडला तो एका नकाशाच्या चुकीमुळे. १७८३ च्या पॅरिस तहात सीमा ठरली ती जॉन मिचेल याच्या १७५५ च्या नकाशावर बोट ठेवून. सरोवराच्या वायव्य टोकापासून थेट पश्चिमेला गेले की मिसिसिपी नदी लागते, असे तहात लिहिले गेले. मिचेलच्या नकाशात नेमक्या त्या भागावर दुसरा लहान नकाशा छापलेला असल्याने नदीचा उगम दिसतच नव्हता. प्रत्यक्षात तो बराच दक्षिणेला निघाला. मग १८१८ च्या करारात वायव्य टोकापासून सरळ दक्षिणेला ४९ व्या अक्षांशापर्यंत रेघ ओढून प्रश्न मिटवण्यात आला आणि त्या रेघेने हा कोपरा तोडून अमेरिकेला दिला. स्थाननिश्चितीच्या यंत्राची परीक्षा घ्यायला याहून समर्पक जागा शोधून सापडणार नाही.

यंत्र घेताना बहुतेक जण आधी अचूकतेची चौकशी करतात. खरे तर तीच बाब आता सर्वांत कमी महत्त्वाची राहिली आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात आणि सतत वेळ सांगत राहतात. संदेश पोचायला किती उशीर झाला, यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते. जागा ठरवायला तीन अंतरे पुरावीत, पण हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्तातले असते, म्हणून त्याची चूक दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो. उपग्रहांवरची घड्याळे सापेक्षतेच्या नियमाने पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही गोष्ट हिशेबात धरली नाही, तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साचेल. एवढे सगळे पडद्यामागे घडते आणि पडद्यावर फक्त एक बाण दिसतो.

मॅगेलन कंपनीचे नॅव्ह १००० हे सामान्य ग्राहकांसाठीचे पहिले हातातले यंत्र १९८९ मध्ये आले तेव्हा त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती आणि आकाशात उपग्रह पुरेसे नसल्याने ते दिवसभर चालतही नसे. पूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये कार्यरत झाल्याचे जाहीर झाले. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे अमेरिकेचे संरक्षण खाते नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत होते. शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या सुरुवातीला ती भेसळ बंद झाली. रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू यांचेही संदेश आज साधे यंत्र ऐकते. मोकळ्या आकाशाखाली पाच मीटरच्या आत जागा सांगणे ही आता कोणत्याच कंपनीची फुशारकी राहिलेली नाही. फरक पडतो तो पडदा, बटणे, बॅटरी आणि नकाशा यांत. दुकानातल्या माहितीपत्रकात मात्र याच्या नेमके उलट, उपग्रहांची नावे मोठ्या अक्षरांत छापलेली असतात.

थंडी हा पहिला परीक्षक. उत्तर मिनेसोटात जानेवारीत उणे तीस अंश ही बातमी होत नाही. राज्याचा नीचांक, टॉवर या गावी १९९६ मध्ये नोंदला गेलेला, उणे ५१ अंश सेल्सिअसचा आहे. आयफोन बनवणारी कंपनी आपला फोन शून्य ते पस्तीस अंशांत वापरावा असे सांगते. हातातली जीपीएस यंत्रे साधारण उणे वीसपर्यंत चालतील असे त्यांचे उत्पादक सांगतात. त्याखाली पडदा संथ होतो, चित्र ओघळल्यासारखे सरकते. बॅटरीचे हाल त्याहून वाईट. साधे अल्कलाइन पेन्सिल सेल थंडीत लवकर माना टाकतात. पुन्हा भरता येणारी लिथियम-आयन बॅटरी गारठ्यात थोडी कमी चालते, हे परवडते. पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली तर आतून कायमची बिघडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकदाच वापरायचे लिथियम सेल महाग असले तरी उणे चाळीसपर्यंत साथ देतात. म्हणून ज्या यंत्रात स्वतःची बॅटरी असूनही वेळेला पेन्सिल सेल घालता येतात, त्याला बर्फावर झुकते माप द्यावे.

स्नोमोबाइलवरून वीज घेणे दिसते तेवढे सोपे नाही. दोरी ओढून चालू होणाऱ्या कित्येक गाड्यांवर बॅटरीच नसते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या वेटोळ्यांतून दिव्यांसाठी जी वीज येते ती उलटसुलट प्रवाहाची असते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करते. मध्ये रेक्टिफायर आणि रेग्युलेटर न बसवता तीत जीपीएसची वायर खुपसली, तर यंत्राचा निकाल लागतो. शिवाय हादरे. रबरी गोळ्यावर फिरणाऱ्या भक्कम स्टँडशिवाय यंत्र हँडलवर टिकत नाही, आणि स्टँडवर विश्वास असला तरी एक दोरी बांधून ठेवलेली बरी.

मग हातमोजे. जाड मोज्यांनी स्पर्शाचा पडदा चालवणे म्हणजे बॉक्सिंगचे मोजे घालून पेटी वाजवण्यासारखे. मोज्यांनी चालणारे पडदे आता मिळतात, पण त्यावर बर्फ वितळून थेंब बसले की पडदा थेंबांनाही बोटे समजतो. मोठी, उठावदार बटणे असलेले यंत्र जुनाट दिसते; चालत्या स्नोमोबाइलवर तेच कामाला येते. मिनेसोटात स्नोमोबाइलची कमाल वेगमर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर आहे. त्या वेगाने सेकंदाला बावीस मीटर मागे पडतात. नकाशा मोठा-लहान करायला चार वेळा पडदा चोळावा लागला, तर तेवढ्या वेळात एक फुटबॉलचे मैदान ओलांडून होते. आणि ते मैदान रिकामे असेलच असे नाही.

बर्फावर यंत्राने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माग राखणे. आलेल्या वाटेची ठिपक्यांची रेघ पडद्यावर उमटत जाते आणि परतताना ती धरून जाता येते. माग किती लांबीचा साठतो, जागा संपली की यंत्र जुना माग पुसते की नवा नोंदवणे थांबवते, हे विकत घेण्याआधी विचारावे. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. दिशादर्शकाचेही एक बारीक प्रकरण आहे. स्वस्त यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसते, ती फक्त चालत्या माणसाची दिशा ओळखतात. हिमवादळात थांबून, कुठल्या अंगाला तोंड करावे असे विचारले, तर बाण भरकटतो. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेले यंत्र उभ्या-उभ्या दिशा दाखवते, पण ते अधूनमधून जुळवून घ्यावे लागते आणि इंजिनाच्या लोखंडाजवळ तेही बिथरते.

बोटीवर परीक्षा पालटते. तिथे शत्रू ऊन आणि पाणी. पाण्यावरच्या झळझळीत उन्हात फोनचा पडदा आरसा होतो. बाहेरचा प्रकाशच परतवून चित्र उजळवणारे पडदे जीपीएस यंत्रांत असतात, ते ऊन वाढेल तसे जास्त स्पष्ट दिसतात. ध्रुवीकरणाचे गॉगल घालणाऱ्यांनी गॉगल घालूनच यंत्र पाहून घ्यावे. उभे धरले की स्वच्छ दिसणारा पडदा आडवा करताच काळा पडू शकतो. पाणी न शिरण्याची जी आयपीएक्स ७ ही खूण असते, तिचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यात तरंगण्याचे वचन नाही. यंत्र कोरडे राहून तळाला गेले, तर त्या कोरडेपणाचा मालकाला उपयोग नाही. काही यंत्रे तरंगतात. उघड्या लहान बोटीसाठी हा गुण पडद्याच्या आकारापेक्षा मोठा मानावा. माणूस पाण्यात पडला की एका बटणात ती जागा नोंदवण्याची सोय, नांगर घसरला तर ओरडणारी सूचना, या गोष्टी बोटीसाठी बनवलेल्या यंत्रात असतात, गाडीच्या यंत्रात नसतात.

नकाशाची खरी गंमत सरोवरावरच कळते. खोलीच्या रेषा दाखवणारा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो जिथे मोजणी झाली तिथेच खरा. लेक ऑफ द वुड्सची पाणीपातळी केनोरा गावाजवळच्या बंधाऱ्यांवरून राखली जाते. १९२५ च्या दोन देशांतल्या करारानुसार ती समुद्रसपाटीपासून १,०५६ ते १,०६१.२५ फूट यांच्या दरम्यान ठेवायची असते. म्हणजे नियमाच्या चौकटीत राहूनही पाणी दीड मीटरहून अधिक वर-खाली होऊ शकते. नकाशात दीड मीटर पाण्याखाली असलेला खडक एखाद्या कोरड्या वर्षी बोटीच्या पंख्याची वाट पाहत असतो. यंत्र बोटीची जागा पाच मीटरपर्यंत बरोबर सांगते आणि खालचे पाणी मात्र जुन्या कागदावरून वाचून दाखवते. दोन्ही माहिती एकाच पडद्यावर, एकाच आत्मविश्वासाने येतात.

उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा नकाशा एकच समजण्यात तर धोकाच आहे. बेटांमधल्या ज्या अरुंद, खोल वाटेने बोट निर्धास्त जाते, तिथे प्रवाह असतो आणि प्रवाहावरचा बर्फ पातळ राहतो. उन्हाळ्यात राखून ठेवलेला सुरक्षित माग जानेवारीत जशाच्या तसा धरला, तर तो नेमका सर्वांत कच्च्या बर्फावर नेऊ शकतो. उलट हिवाळ्यातला सरळसोट माग जुलैत खडकांच्या डोक्यावरून जातो. मिनेसोटाचे निसर्गसंपदा खाते नव्या, स्वच्छ बर्फासाठी चालायला किमान चार इंच आणि स्नोमोबाइलला पाच ते सात इंच जाडी सांगते. ती जाडी उपग्रहाला दिसत नाही. दाबाने बर्फ फुटून उभ्या राहिलेल्या भिंती आणि त्यांच्या पायथ्याचे उघडे पाणी रोज जागा बदलते, तेही कोणत्याच नकाशात नसते. सरोवरावर स्थानिक लोक खुंट रोवून वाट आखतात, ती त्या आठवड्याच्या बर्फाकडे पाहून आखलेली असते. पडद्यावरची रेघ आणि खुंटांची रांग यांत मतभेद झाला, तर खुंटांचे ऐकावे. दोन्ही ऋतूंचे माग वेगवेगळ्या रंगांत, वेगळ्या नावांनी ठेवता येतील आणि हवे तेव्हा लपवता येतील असे यंत्र घ्यावे. माहितीपत्रकात ही सोय तळटीपेत सापडते.

जमिनीवरच्या स्नोमोबाइल वाटाही अशाच हंगामी. मिनेसोटात त्यांची लांबी तीस हजार किलोमीटरहून अधिक भरते, बहुतेक वाटा गावोगावचे क्लब सांभाळतात आणि पुष्कळशा खासगी शेतांतून, मालकाच्या परवानगीने जातात. मालक बदलला की वाटही बदलते. तीन वर्षांपूर्वीचा वाटांचा नकाशा यंत्रात असणे म्हणजे कोणाच्या तरी अंगणात न विचारता शिरणे.

आता रस्ता. इथे हातातल्या जीपीएसने हार मानावी. बोलून वळण सांगणे, पुढची कोंडी कळवणे, दुकान शोधून देणे, हे काम फोन चांगले करतो आणि तो खिशात असतोच. तिन्हींसाठी एकच यंत्र घेणाऱ्याने गाडीची गरज सर्वांत शेवटी तपासावी, कारण तिची उणीव सर्वांत स्वस्तात भरून निघते. रेंज नसलेल्या जंगलात मात्र यंत्रात आधीच भरलेला रस्त्यांचा नकाशा उपयोगी पडतो. त्यातही तो कोणत्या देशाचा आहे हे पाहावे. फक्त अमेरिकेचा नकाशा असलेल्या यंत्राला वॉररोड गावाहून नॉर्थवेस्ट अँगलची वाट विचारली, तर ते रस्ताच नाही म्हणेल. त्याच्या दृष्टीने सीमेपलीकडे कोरा कागद आहे. अठराव्या शतकातल्या नकाशात जिथे उगम झाकला गेला होता, तिथून फार दूर नाही अशा ठिकाणी आजचे यंत्रही तेच करते, फक्त या वेळी कारण व्यापारी असते.

आकडे एकमेकांना सांगतानाही गफलती होतात. मच्छीमार मिनेसोटातला असो की कोकणातला, आपली जागा अंश आणि दशांश मिनिटांत सांगतो. फोनवरचे नकाशे दशांश अंश दाखवतात. ४९ अंश २०.५० मिनिटे हा आकडा कोणी ४९.२०५० अंश असा टाइप केला, तर खूण आठ सागरी मैलांहून अधिक, म्हणजे पंधरा किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते. दोन्ही ठिकाणी पाणी असल्याने चूक लक्षातही येत नाही. जुन्या कागदी नकाशावरून जागा उचलताना त्या नकाशाचा आधार-पृष्ठभाग यंत्रात निवडला नाही, तरी काही दहा मीटरांपासून शंभरावर मीटरांपर्यंत फरक पडतो. यंत्र विकत घेतल्यावर पहिल्या संध्याकाळी बघायच्या त्या याच दोन गोष्टी.

या तिहेरी कामासाठी एक यंत्र विशेष नावाजले गेले, ते गार्मिनचे जीपीएसमॅप २७६सी. या शतकाच्या पहिल्या दशकात आलेले ते जाडजूड, बटणांचे, रंगीत पडद्याचे यंत्र बोटीचे आणि रस्त्याचे दोन्ही नकाशे चालवी. त्याचा चाहतावर्ग एवढा चिवट होता की कंपनीने २०१६ मध्ये त्याच आकाराचे, पाच इंची पडद्याचे २७६सीएक्स पुन्हा बाजारात आणले, तेव्हा स्पर्शाच्या पडद्यांचा जमाना असूनही बटणे तशीच ठेवली. त्याच कंपनीची माँटाना मालिका स्पर्शाच्या पडद्याची, अधिक आटोपशीर. तिच्या काही यंत्रांत उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोयही आहे. बर्फ आणि पाणी जास्त असेल तर बटणांकडे, पायी भटकणे जास्त असेल तर हलक्या यंत्राकडे झुकावे, एवढे सरसकट म्हणता येते.

उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र ही आता वेगळी जात झाली आहे. जीपीएस फक्त ऐकते, हे बोलतेही. रेंज नसलेल्या सरोवरावर ते जीव वाचवू शकते, त्यासाठी दरमहा वर्गणी भरावी लागते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी सुट्टीत भारतात येताना ते सामानात टाकू नये. भारतात उपग्रह फोन आणि अशी संदेशयंत्रे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणाने ताब्यात घेतल्याचे प्रकार घडले आहेत. नुसते ऐकणारे साधे जीपीएस हे त्या बंदीतले नव्हे. पण अमेरिकी दुकानात घेतलेल्या यंत्रात भारताचा नकाशा नसतो, हे विसरू नये.

जुने यंत्र स्वस्तात मिळते आणि या कामाला ते वाईटही नसते. घेताना नकाशे त्या यंत्राच्या नावावर बांधलेले आहेत की मूळ मालकाबरोबर जाणार, बॅटरी अजून बनते का, आणि सॉफ्टवेअर शेवटचे कधी सुधारले, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. जीपीएसचा जुना संदेश आठवडे मोजतो ते १,०२३ पर्यंतच, मग पुन्हा शून्यापासून. अशी पालट ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाली, पुढची नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. न सुधारलेले यंत्र पालटीनंतर जागा बहुधा बरोबर सांगते, तारीख मात्र जवळजवळ वीस वर्षे मागची दाखवते. मग सूर्यास्ताची वेळ चुकते आणि मागांवरच्या तारखा निरर्थक होतात. ज्यांना उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे माग तारखेवरून वेगळे करायचे असतात, त्यांनी असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.